पाणी उतरलंय, म्हणून थांबतेय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर विषय निघाला की आई रडते आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहितेय. ती शहरातली नोकरी नको म्हणून मी कळवून टाकलंय. पाऊस लागेपर्यंत उजनी धरणाच्या काठानेच जुन्या वस्त्यांचं सर्वेक्षण करणार.

बाबा, ‘पुढच्या वर्षी कर’ म्हणालात. पण धरण खाली गेलं की तेवढेच दिवस भीमेचा जुना काठ उघडा असतो. पळसदेवचं देऊळ वर आलं की बघायला गर्दी होते. माझा जीव अडकलाय तो गावागावांच्या पांढरींत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडांत. पाणी चढता-उतरता लाटा काठ कापतात, माती वाहून जाते, वरच्या-खालच्या थरांतली खापरं एकत्र होतात आणि मग कुठलं कुठल्या काळातलं ते सांगता येत नाही. उरलेली माती ट्रॉलीत भरून शेतात जाते. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याला धरणाचं पाणी यायच्या आधी, १९५४ ते १९६०, उत्खनन झालं, वास्तू टेकडीवर हलवल्या. लहान पांढरींसाठी एवढं कोण करणार? निदान जागा, विस्तार आणि थर तरी नोंदले जावेत.

परवा कापलेल्या काठात राखेचा बोटभर थर दिसला, खाली भाजून लाल झालेली माती. चूलच असावी. हात लावला नाही. मोजपट्टी ठेवून फोटो काढला, जीपीएसवर जागा टिपली. आई, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला उत्खननात घरांच्या जमिनीखाली तान्ही बाळं पुरलेली सापडली होती, दोन मडक्यांची तोंडं जुळवून. तीन हजार वर्षं झाली. ते वाचलं तेव्हा मला तूच आठवलीस, माझ्या तापात रात्रभर पायाशी बसलेली.

माझी काळजी नको. खोली पक्की आहे, पंखा आहे, पाणी गाळून-उकळून पिते. आम्ही उजाडता निघतो, ऊन चढायच्या आत सावलीला येतो. गाळात एकटी कधीच उतरत नाही.

आता तुमचं. बाबा, मोतीबिंदूची तारीख अजिबात पुढे ढकलायची नाही. त्या आठवड्यात मी येतेय, साहेबांशी बोलून ठेवलंय. थेंब मीच घालणार, दादाच्या वेळचा घोळ नको. आई, माळ्यावरचे डबे दादाकडून खाली काढून घे, स्टुलावर चढायचं नाही. बीपीची गोळी उपासाच्या दिवशीही घ्यायची. आणि बाबा, रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला.

तुमची,
मनू