सूचना : रविवारी ‘लिव्हिंग विल’ करायला बसायचे आहे

सभासदहो,

येत्या रविवारी दुपारी ४ वाजता आपल्या नेहमीच्या सभागृहात लिव्हिंग विल, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, लिहायला एकत्र बसू. नोटरी ५ वाजता येतील, तोवर मजकूर तयार हवा.

“मृत्युपत्र केलंय की, मग हे कशाला?” असे बऱ्याच जणांनी विचारले. मृत्युपत्र आपण गेल्यावर उघडते. व्हेंटिलेटर ठेवायचा की काढायचा हा प्रश्न आपण असतानाच येतो, फक्त तेव्हा बोलता येत नसते. म्हणून कोणते उपचार हवे, कोणते नको, हे लिव्हिंग विलमध्ये आधीच लिहून ठेवायचे.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो.

येताना आणा :
• ओळखपत्र
• दोन साक्षीदार, शक्यतो घरचे नकोत
• आपल्या वतीने डॉक्टरांशी कोण बोलणार, त्यांची नावे. त्यांना आधी विचारा! आयसीयूच्या दारात कळणे बरे नव्हे.

“हाल नकोत” एवढ्यावर भागत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीतून अन्न अशा एकेका उपचाराबद्दल स्पष्ट लिहा. कोणत्या अवस्थेत नको, तेही लिहा.

प्रत फॅमिली डॉक्टरांना आणि नाव दिलेल्या व्यक्तींना द्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलीत तर रात्री दोन वाजता कोण काढणार? विचार बदलला तर केव्हाही लेखी रद्द करता येते.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावे. सक्ती कुणालाच नाही.

– सचिव