जत-आटपाडीच्या मुलांसाठी दोन दिवसांची सभा: सांगलीकरांना मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी विश्रामबागेतल्या आमच्या अभ्यासिकेत बावीस मुलामुलींनी मानवी तस्करीवर अभिरूप संयुक्त राष्ट्र सभा भरवली. दोघांच्या जोडीला एक देश. त्या देशाची बाजू अभ्यासून मांडायची, इतरांशी वाटाघाटी करायच्या आणि शेवटी ठराव मतदानाला टाकायचा. विषय होता सायबर गुलामीचा. डेटा एन्ट्रीच्या नोकरीचं आमिष, थायलंडचा टुरिस्ट व्हिसा, तिथून नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत, मग पासपोर्ट जप्त आणि ऑनलाइन फसवणुकीची सक्ती. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं.

म्यानमारच्या खुर्चीवर जत तालुक्यातला एक मुलगा होता. बोलता बोलता त्याने हातातला कागद खाली ठेवला आणि विचारलं, “माझे आईवडील उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला जातात. उचल फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. हे कशात बसतं?”

सभा तिथेच थांबली. पुढचा पाऊण तास मुलांनी पालेर्मो प्रोटोकॉलचं तिसरं कलम अक्षरशः सोलून काढलं. 2000 साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेला आणि 2011 मध्ये भारताने मान्य केलेला हा करार तस्करी ठरवताना तीन गोष्टी पाहतो: माणसाला नेणं किंवा ठेवणं, त्यासाठी वापरलेला धाक, फसवणूक किंवा लाचारीचा गैरफायदा, आणि पिळवणुकीचा हेतू. असा धाक वा फसवणूक असेल तर पीडिताच्या ‘हो’ला किंमत नाही. अठराखालच्या मुलांच्या बाबतीत तर धाक सिद्ध करायचीही गरज नाही. कोणी 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा काढला. वाळव्याची एक मुलगी उठून म्हणाली की तिच्या वडिलांनी ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं, ऊसतोडीला मजूर पुरवणारा मुकादम लाखो रुपये घेऊन पसार झाला, त्याचं काय? दोघांचंही खरं होतं. प्रत्येक उचल म्हणजे तस्करी नव्हे, पण कोयत्याला, म्हणजे ऊसतोड मजुराला, घरी जाऊ न देणं कुठल्या रेषेपलीकडे जातं, हे त्या मुलांनी स्वतः शोधलं. आम्ही मोठ्यांनी फक्त ऐकलं.

यंदा विषय आणखी अवघड आहे: संमती. सांगलीत हा वाद परका नाही. इथल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या महिला वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की विकून आणलेली मुलगी आणि स्वतःच्या निर्णयाने देहविक्रय करणारी प्रौढ बाई यांना एकाच मापाने मोजू नका. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही देहविक्रय करणाऱ्या महिलांना पोलिसांनी सन्मानाने वागवावं, असे निर्देश दिले. जगातले देश या प्रश्नावर आजही दुभंगलेले आहेत. मुलांनी तो दुभंग आतून पाहावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

“खोटी सभा भरवून काय साधणार?” असं आम्हाला विचारलं जातं. कामासाठी बाहेर पडणं आपल्याकडे जुनंच आहे. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पोचली. पोरांना घरात कोंडून हा प्रश्न सुटणार नाही. पण गावात एजंट आला की त्याला विचारता आलं पाहिजे: व्हिसा कामाचा की टुरिस्ट? पासपोर्ट कुणाकडे राहणार? तुमची ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणी आहे का? सभेत एखाद्या देशाला अडचणीचा प्रश्न विचारलेल्या मुलीची जीभ एजंटापुढे अडखळत नाही.

अशा सभा सहसा इंग्रजीत होतात, मोठ्या शहरांत होतात आणि प्रवेश शुल्क भरणाऱ्यांसाठी होतात. आमची मराठीत आहे आणि विद्यार्थ्यांकडून एक रुपयाही घेत नाही. 30 जुलै हा मानवी तस्करीविरोधी जागतिक दिन. त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी यंदा 36 देश, म्हणजे 72 विद्यार्थी बसवायचे आहेत, त्यातले निम्म्याहून अधिक जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळचे. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी प्रवास, दोन दिवसांचं जेवण, मुक्काम आणि छापील कागदपत्रं धरून माणशी 850 रुपये लागतात. एका देशाचे 1,700, एकूण 61,200 रुपये. आईवडिलांच्या स्मरणार्थ किंवा मुलाच्या वाढदिवसानिमित्त एका देशाचा खर्च द्या. जमेल तेवढी रक्कमही चालेल. पावती जागेवर मिळेल आणि सभेनंतर हिशेब फळ्यावर लागेल.

पैशांइतकीच माणसं हवी आहेत. करारांचे उतारे सोप्या मराठीत आणणारे दोन-तीन जण, अध्यक्षपदी बसतील असे वकील, आणि मुलींना रात्री मुक्कामाला ठेवणारी घरं. गेल्या वर्षी मराठी प्रती ऐन वेळी मिळाल्याने चार मुली पहिल्या सत्रात गप्प बसल्या. ते यंदा होऊ द्यायचं नाही.

अभ्यासिका रोज संध्याकाळी 5 ते 8 उघडी असते. तांदूळ, डाळ, गूळ-शेंगदाणे देणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत पोचवावेत. शनिवारी पहाटे पाचला चूल पेटते, कारण जतची पहिली गाडी आली की मुलं उपाशीच उतरतात.