रात्र दिवेलागणीलाच टिपा

संपादक महोदय,
स. न.

दिवाळी तोंडावर आली की इंदूरचा राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारके) आणि महेश्वरचा घाट इथे लघुपट करणाऱ्या तरुणांची लगबग सुरू होते. रात्रीचा प्रसंग म्हणून चित्रीकरण आठनंतर लावतात आणि हाती येतात काळ्या पडद्यापुढचे उजळ चेहरे. छत्र्यांची शिखरे आभाळात दिसेनाशी होतात. पडद्यावर रात्र हवी असेल तर आभाळात थोडा उजेड शिल्लक असतानाच कॅमेरा चालू हवा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंदूरचा सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. त्यानंतरच्या दहाव्या ते पंचविसाव्या मिनिटापर्यंतचा उजेड कामाचा. तो दर तीन-चार मिनिटांना निम्मा होतो. म्हणून प्रत्येक टेकनंतर अपर्चर (भिंगाचे छिद्र) एकेक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड येईल इतके, उघडावे (f/4, 2.8, 2), मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा; टेक चालू असताना हात लावू नये. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सांगतो त्याहून एक्स्पोजर (चित्रात येणारा उजेड) दीड-दोन स्टॉप कमी ठेवावे. मोबाइलवर एक्स्पोजर लॉक करून खाली ओढावेच, नाहीतर तो आपणहून उजेड वाढवतो आणि रात्रीची दुपार होते. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा तोल) 3200 ते 3500 केल्विनवर ठेवला की आभाळ निळे होते, पिवळे बल्ब मात्र जसेच्या तसे राहतात. आपली वीज 50 हर्ट्‌झची; शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवा, 1/60 वर दिवे लुकलुकतात.

दिशा फार महत्त्वाची. पूर्वेचे आभाळ आधी गडद होते, तेव्हा सुरुवात तिकडे तोंड करून करावी. पश्चिमेची लाली विझली की मग कॅमेरा वळवावा. महेश्वरला घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर असल्याने पायऱ्यांवरून दोन्ही दिशा सहज मिळतात. लांबचे शॉट आधी, जवळचे चेहरे शेवटी. चौकटीत आभाळ नसेल तर ते अंधारातही घेता येतात. फरशीवर आधी सडा घालावा, ओल्या दगडात निळे आभाळ उतरते. कोरडी जमीन नुसती काळी पडते. खिडकीतला 9 वॅटचा बल्ब सुरुवातीला फिका वाटतो आणि शेवटी डोळ्यांत खुपतो, तेव्हा त्यावर चढवायला ट्रेसिंग पेपर जवळ ठेवावा. एका संध्याकाळी दोन-तीनच शॉट होतात. बाकीचे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी घ्यावेत, नाहीतर जोडताना उजेड जुळत नाही.

महापालिकेला एक विनंती: निदान दिवाळीच्या आठवड्यात जुन्या वास्तूंवरची रोषणाई सूर्यास्तालाच सुरू करावी.

— एक छायालेखक, इंदूर