नॅनोकण शरीराबाहेर जातात कसे?

रविवारच्या पुरवणीतील नॅनो-औषधांवरील लेखात ‘काम संपल्यावर हे कण लघवीवाटे निघून जातात’ असे सरसकट विधान आहे, ते दुरुस्त व्हायला हवे. मूत्रपिंडाची गाळणी साधारण ५ ते ६ नॅनोमीटरपेक्षा लहान कणच सहज जाऊ देते. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे औषध भरलेले लायपोसोम, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्या, सुमारे ८० ते १०० नॅनोमीटरचे असतात. रक्तातील प्रथिने चिकटली की यकृतातील कुफर पेशी आणि प्लीहेतील भक्षक पेशी त्यांना गिळतात, आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या आवरणाने हे लांबते, टळत नाही. मेदाचे हे कण तेथे विघटित होतात. सोन्याचे कण मात्र यकृतात महिनोन्महिने राहू शकतात, म्हणून कण कशाचा आहे हेही आकाराइतकेच महत्त्वाचे.

मिरजेच्या एका रुग्णालयात वहिनींच्या उशाशी बसून ते लालसर औषध नळीतून थेंबथेंब उतरताना मी पाहिले आहे. ‘हे अंगात किती दिवस राहणार?’ असे त्यांनी तेव्हा विचारले होते. हाच प्रश्न मनात घेऊन लेख वाचणाऱ्यांसाठी त्यात यकृताचा साधा उल्लेखही नसावा, याचे मनापासून वाईट वाटले.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली