लाईन कुठली ते तरी लिहा!

मा. संपादक, स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात एक चौकट होती, 'शनिवारी मेन लाईन बंद'. खाली चार ओळींची बातमी, पण कशाची लाईन ते त्यात पण कुठं नाही. आम्ही राहतो कल्याणला, इथं मेन लाईन म्हटलं की आधी सेंट्रल रेल्वेच डोक्यात येते, म्हणून मी ऑफिसात सांगून टाकलं की शनिवारी घरूनच काम करतो, बायकोनं लाईट जाणार म्हणून शुक्रवारी रात्रीच मिक्सर लावून सगळं वाटण करून ठेवलं आणि आईनं इन्व्हर्टर चालतो का ते मला दोनदा बघायला लावलं. आणि गेलं काय? पाणी! पाईपलाईनची दुरुस्ती होती. टाकी रिकामी, पिंप रिकामं, फ्रीजमध्ये मात्र वाटलेल्या खोबऱ्याचे दोन डबे.

आता कुणी म्हणेल इंग्रजी शब्द वापरूच नका, रांग म्हणा, ओळ म्हणा, रेघ म्हणा. तसं माझं काही म्हणणं नाही. मूळचे आम्ही खान्देशातले, तिकडं लाईट जात नाही, लाईनच जाते. पोलीस राहतात ते पोलीस लाईनीत, नागपुरात बंगलेवाले राहतात ते सिव्हिल लाईन्सला, मुलगा कुठल्या लाईनला गेला म्हणजे सायन्स का कॉमर्स, बॉलरची लाईन चुकली की बॉल लेग स्टंपच्या बाहेर, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर जी लाईन मारतात ती तर कुठल्या इंग्रजाला विचारली तरी कळायची नाही, ती शंभर टक्के आपली. लालबागला नवसाची लाईन वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. पंढरपूरला मात्र अजून बारी म्हणतात, ऐकायला बरं वाटतं. पण लालबागच्या बारीत उभा होतो असं कुणी म्हणणार आहे का?

गंमत म्हणजे हा शब्द मुळात दोरीचा. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस, ज्याची आपण चटणी करतो तेच जवस, त्याच्या झाडाच्या सालीचा जो धागा निघतो त्याच्यावरून लिनन आलं आणि धागा ताणला की सरळ रेघ दिसते म्हणून लाईन. म्हणजे आपले गवंडी भिंत रचताना जी लाईनदोरी बांधतात ती खरं तर दोरीदोरी झाली! आपल्या सुताचं पण असंच आहे की, एका सुतात झाडं लावतात आणि पोरापोरीचं सूतही जुळतं. त्यामुळे एका शब्दाला दहा अर्थ असले म्हणून काही बिघडत नाही, बोलताना समोरचा माणूस दिसत असतो, तो खांबाकडं बघत असला की आपण समजतो विजेची लाईन. पेपरात तो खांब दिसत नाही ना.

आमचे अप्पा वीज मंडळात लाईनमन होते. हल्ली जनमित्र म्हणतात, पण गावात अजून 'लाईनमन आला का' असंच विचारतात. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा बघितलंय, खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करून परमिट घ्यायचं, आणि त्या फोनवर नुसतं 'लाईन बंद कर' असं अप्पा कधीच बोलले नाहीत. अकरा केव्ही (म्हणजे अकरा हजार व्होल्ट), गावठाण फीडर (फीडर म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी एकेक विजेची लाईन), सगळं नाव घेऊन सांगायचे, मग तिकडचा ऑपरेटर तेच परत म्हणायचा, अप्पा परत हो म्हणायचे, मला तेव्हा वाटायचं किती वेळ तेच तेच. पण त्याला कारण होतं, शेजारूनच शेतीच्या फीडरच्या तारा गेलेल्या असायच्या, चुकून दुसराच बंद झाला तर वर चढलेला माणूस खाली जिवंत यायचा नाही. एवढं होऊनही वर गेल्यावर आधी तार टेस्ट करायची, अर्थिंग टाकायचं म्हणजे तार जमिनीला जोडायची, मगच हात लावायचा.

तुमच्या बातमीनं कुणाचा जीव जाणार नाही हे मान्य, पण 'पाण्याची' एवढा एक शब्द त्या चौकटीत बसला असता. मी मोजून बघितलं, उजवीकडं चांगली बोटभर जागा रिकामी होती.

शनिवारी दुपारी बादल्या घेऊन टँकरच्या लाईनीत (बघा, परत आलीच) दीड तास उभा राहून घरी आलो तर अप्पा चष्मा लावून तीच चौकट वाचत बसलेले. मला म्हणाले, "फीडर कुठला?"

कळावे,
तुमचा जुना वाचक, कल्याण