विहिरीवरच्या जनरेटरबाबत काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

आपले आभार मी शेतावरच तोंडी मानले होते, पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही, म्हणून आपल्या परवानगीने आणि आपले नाव न घालता हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. सांवेर, देपालपूर, महू या भागांत इंदूरच्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या जमिनी आहेत, बहुतेकांच्या विहिरीवर थ्री फेज मोटर आहे, आणि वीज गेली की जनरेटर आणून मोटर चालवावी हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. तो अमलात आणण्यापूर्वी काय काय पाहावे लागते हे आपण मला ज्या आपुलकीने समजावून सांगितलेत, ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, अशी माझी इच्छा आहे.

डिसेंबरात आमच्या बाजूची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तेव्हा गहू नेमका पहिल्या पाण्याला आला होता. पेरणीनंतर सुमारे 20 ते 25 दिवसांनी मुकुटमुळे फुटतात आणि तेव्हा ओलीचा ताण बसला तर फुटवे कमी येतात. पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट भरून निघत नाही. नवा ट्रान्सफॉर्मर केव्हा बसेल हे कोणी खात्रीने सांगत नव्हते. विहिरीत पाणी भरपूर होते आणि ते वर आणायला वीज तेवढी नव्हती, ही स्थिती ज्याने अनुभवली आहे त्याला माझी घालमेल वेगळी सांगायला नको.

एका दुकानात 5 एचपीच्या मोटरीला 7.5 केव्हीए क्षमतेचा जनरेटर पुरेल असे सांगण्यात आले होते आणि सौदा जवळजवळ ठरला होता. आपण मात्र पैसे देऊ नका असा निरोप पाठवलात, दुसऱ्याच दिवशी शेतावर आलात, आणि सर्वांत आधी विहिरीजवळच्या खोलीतील जुनी मोटर बाजूला काढून तिच्यावरची पाटी ओल्या फडक्याने पुसलीत. तशीच मोटर सध्या पाण्यात आहे हे मी सांगितल्यावर आपण खडूने भिंतीवर हिशेब मांडलात, तो मी अजून पुसू दिलेला नाही. 5 एचपी म्हणजे शाफ्टवर सुमारे 3.7 किलोवॅट, 415 व्होल्टवर मोटर चालताना 9 अँपिअर घेते, म्हणजे साधारण साडेसहा केव्हीए. या आकड्याकडेच पाहिले तर दुकानदाराचे म्हणणे पटते. त्याच्याखाली आपण दुसरी ओळ लिहिलीत: एकदम पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या थेट स्टार्टरवर सुरू होताना हीच मोटर क्षणभर सहापट करंट ओढते, म्हणजे 50 अँपिअरच्याही वर. आणि 7.5 केव्हीएचा जनरेटर फेजला देऊ शकतो जेमतेम साडेदहा अँपिअर.

यातून पुढे काय घडते हेही आपण टप्प्याटप्प्याने सांगितलेत. एवढा करंट मागितला की जनरेटरचे व्होल्टेज कोसळते. व्होल्टेज कोसळले की स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे चुंबकाने ओढून धरलेला स्विच, पकड सोडतो, मग भार सुटून व्होल्टेज पुन्हा चढते, कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला जातो, आणि त्या तडतडीत त्याचे पॉइंट जळतात. मोटर फिरूच शकली नाही तर तिचे वाइंडिंग तापते. दुरुस्ती करणारा मोटर खराब निघाली म्हणतो आणि शेतकरी रिवाइंडिंगचे पैसे भरतो, पण मूळ कारण तसेच राहते. सुरुवातीला वाइंडिंगला कमी व्होल्टेज देणारा स्टार-डेल्टा स्टार्टर लावून हा करंट एकतृतीयांशावर आणता येणार नाही का, असे मी विचारले तेव्हा आपण मला विहिरीतून वर येणारी केबल दाखवलीत. तिच्यातून तीनच तारा येतात आणि स्टार-डेल्टासाठी वाइंडिंगची सहाही टोके बाहेर लागतात, हे उत्तर मला शब्दांपेक्षा ती केबल हातात धरल्यावर जास्त कळले. शेवटी 15 केव्हीए घ्यायचे ठरले आणि सुरू करताना डिलिव्हरीचा वाल्व बराचसा बंद ठेवायचा असे आपण बजावलेत. त्याने सुरुवातीच्या करंटचा पहिला झटका कमी होत नाही, परंतु पंपावर भार हलका असल्यामुळे मोटर लवकर वेग घेते आणि झटक्याचा काळ आखूड होतो.

जनरेटर आल्यावर आपण तारेभोवती पकडून करंट मोजणारा टाँग टेस्टर लावून तिन्ही फेजचे करंट पाहिलेत, ते सारखे आहेत याची खात्री केलीत, आणि फेजचा क्रम तपासून दोन तारांची अदलाबदल केलीत. मोटर उलटी फिरली तरी थोडे पाणी येतच राहते, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही आणि विहिरीलाच पाणी कमी असे माणूस समजतो, ही गोष्ट मला अगदी नवी होती. डिझेल वाचावे म्हणून इंजिनाचा वेग उतरवण्याची पद्धत आमच्याकडे आहे. तिच्याबद्दलही आपण स्पष्ट बोललात. मिनिटाला 1500 फेऱ्यांना विजेची वारंवारता 50 हर्ट्झ मिळते, 1350 वर ती 45 होते, मोटरही तेवढीच सावकाश फिरते, आणि मग पंपाची पाणी वर चढवण्याची ताकद एकोणीस टक्क्यांनी घटते. वरच्या टोकाच्या वाफ्यापर्यंत पाणीच पोहोचले नाही, तर वाचलेल्या डिझेलचा काय उपयोग?

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे तिच्याकडे येते. जनरेटर जोडायला आलेल्या कारागिराने मेन स्विचचे फ्यूज काढून जनरेटरच्या तारा त्याच स्विचच्या खालच्या बाजूला जोडण्याची तयारी केली होती. काम झटपट होणार होते, खर्चही नव्हता, आणि गावात बऱ्याच ठिकाणी तसेच केलेले आहे. आपण ते काम तिथेच थांबवलेत. उद्या वीज आली का पाहायला कोणी तरी फ्यूज परत बसवले आणि जनरेटर चालूच राहिला, तर 415 व्होल्ट उलट दिशेने लाइनवर जातील, ट्रान्सफॉर्मरमधून ते 11,000 व्होल्ट होतील, आणि लाइन बंद आहे या विश्वासाने खांबावर चढलेला लाइनमन मरेल, असे आपण सांगितलेत. त्या वेळी आपला आवाज चढला होता. आमच्याच डीपीच्या कामासाठी लाइनमन त्या आठवड्यात तारांवर चढणार होते. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम बदलणारा चार पोलचा चेंजओव्हर स्विच बसल्याखेरीज जनरेटरला हात लावायचा नाही, असे आपण निक्षून सांगितलेत आणि तो स्विच बाजारातून आणण्यासाठी स्वतःच इंदूरला परत गेलात. त्याचा दांडा एका बाजूला असला की लाइन, दुसऱ्या बाजूला असला की जनरेटर, आणि मध्ये असला की दोन्ही बंद. दोन्ही एकाच वेळी जोडले जाणे त्यात शक्यच नाही. आमचे पीक वाचवायला आलेल्या आपल्याला त्या अनोळखी लाइनमनचीही तेवढीच काळजी होती. मी हे विसरणार नाही.

तीच काळजी जनरेटरची जागा ठरवतानाही दिसली. पावसापासून बचाव म्हणून आम्ही तो खोलीत ठेवणार होतो. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो, म्हणून आपण चारही बाजूंनी उघडी शेड घालायला लावलीत आणि धुराड्याचे तोंड विहिरीच्या उलट दिशेला करून घेतलेत. विहिरीच्या टप्प्यावर डिझेल इंजिन उतरवून चालवण्याची जुनी सवय आमच्या शेजारी अजून आहे. आपण गड्यांना बोलावून, विहिरीत धूर साचला असता कोणी पडला तर त्याला काढायला दुसऱ्याने तसेच खाली उतरू नये, हे इथल्या मालवी बोलीत सांगितलेत. त्यांना ते नीट समजले.

अर्थिंगचे काम मात्र अजून थोडे बाकी आहे. न्यूट्रलचे आणि बॉडीचे अर्थिंग आपण वेगवेगळे करून दिलेत, पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सुकते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावे आणि मे महिन्यात पुन्हा मोजावे, असे आपण म्हणाला होता.

गव्हाला पहिले पाणी वेळेवर मिळाले, दुसऱ्या पाण्यापूर्वी डीपी बदलली गेली, आणि जनरेटर आता अडीअडचणीपुरता शेडमध्ये उभा आहे. ताशी सुमारे दोन लिटर डिझेल लागत असल्याने रोज चालवावा असा तो नाहीच. सुरू करताना आधी इंजिन थोडे तापू द्यायचे, मग चेंजओव्हर फिरवायचा, मग स्टार्टर दाबायचा, आणि बंद करताना आधी मोटर व शेवटी इंजिन, हा आपण सांगितलेला क्रम मी मोठ्या अक्षरांत लिहून स्टार्टरशेजारी लावला आहे; मराठीत एक आणि गड्यांसाठी हिंदीत एक.

या सर्व कामाचे मानधन आपण घेतले नाहीत. नव्या गव्हाचे एक पोते आपल्याकडे पाठवत आहे, ते मात्र परत करू नये, ही कळकळीची विनंती. मे महिन्यात अर्थिंग मोजायला कोणत्या दिवशी येणे आपल्याला सोयीचे होईल ते कळवावे, म्हणजे गाडी पाठवण्याची व्यवस्था करीन. काकूंना नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
सांवेर तहसीलीतील एक शेतकरी, इंदूर