त्या काळ्या डागांविषयी

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईचा आवाज पडलेला ऐकला, तेव्हापासून मला चैन नाही. समुद्री माशांच्या टाकीतल्या दोन्ही क्लाउनफिशच्या अंगावर काळे डाग उठले होते, असे मी सहज बोलून गेले आणि आईने लगेच विचारले, "माझ्या हातून खाणे जास्त पडायचे का ग?" आई, तुझ्या हातून काहीही चुकलेले नाही. ही रुखरुख तुझ्या मनात राहू नये, म्हणून सारे सविस्तर लिहिते.

तुम्ही परत गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मोठ्या माशाच्या, म्हणजे मादीच्या, मधल्या पांढऱ्या पट्ट्याखाली काजळाचे बोट पुसावे तसा डाग दिसला आणि दोन दिवसांत नराच्या पोटावरही तसाच उमटला. मी फार घाबरले, कारण ब्रुकलिनेला नावाचा परजीवी या माशांना लागला तर काही दिवसांतच त्यांचा जीव घेतो. मात्र त्या रोगात अंगावर पांढुरका चिकट थर धरतो, त्वचा सालीसारखी सुटू लागते, मासा धापा टाकतो आणि खाणे सोडतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात मिठाचे कण चिकटल्यासारखे दिसतात, तर व्हेल्व्हेट नावाच्या रोगात सोनेरी धूळ बसल्यासारखी वाटते. यांपैकी काही आहे का, हे पाहण्यासाठी मी बराच वेळ बॅटरी धरून काचेला नाक लावून बसले होते. डागाच्या जागी फुगवटा नव्हता, ओरखडा नव्हता, खवले उचललेले नव्हते. होता तो केवळ रंग. दोघांचे कल्ले संथ लयीत उघडत-मिटत होते आणि सकाळी दोघेही खाण्यावर नेहमीसारखे झेपावले.

तरीही भीतीपोटी मी तांब्याचे औषध आणून ठेवले होते. ते घाईने टाकीत ओतले असते, तर प्रवाळ आणि बाबांची आवडती कोळंबी दोन्ही मेली असती. ते ओतले नाही, याचे आज मला फार समाधान वाटते.

कारण सापडले ते नव्या प्रवाळात. तुम्ही गेल्यानंतर मी एक हॅमर प्रवाळ आणले, ज्याच्या लवलवत्या शुंडकांची, म्हणजे बोटांसारख्या मऊ अवयवांची, टोके हातोडीसारखी असतात. समुद्रात क्लाउनफिश समुद्रफूल नावाच्या प्राण्याच्या शुंडकांमध्ये राहतात. आपल्या टाकीत समुद्रफूल नाही, म्हणून या जोडीने त्या प्रवाळालाच घर मानले आणि दिवसभर त्यात अंग घासू लागली. प्रवाळालाही दंशपेशी असतात. असा नवा शेजार मिळाला की त्याला अंग लागते तिथली माशाची त्वचा काही काळ काळवंडते, हा असे मासे पाळणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. डागही नेमके पोटावर आणि छातीच्या परांमागे, म्हणजे शुंडके टेकतात तिथेच होते.

खाणे जास्त पडले असते, तर पाण्यात नायट्रेट वाढले असते आणि काचेवर शेवाळ माजले असते. त्याच आठवड्यात मी पाणी तपासले, तेव्हा अमोनिया शून्य आणि नायट्रेट लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत होते. क्षारताही दर हजारी ३५, अगदी हवी तेवढी. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहते, म्हणून उतरलेली पातळी गोड्या पाण्यानेच भरायची, हे बाबांनी काचेवर निळी चिकटपट्टी लावून रोज न चुकता पाळले, त्याचेच हे फळ आहे. ती पट्टी मी काढलेली नाही.

आणि आई, पहाटे मासे फिके दिसतात म्हणून तू एकदा मला उठवले होतेस, ते आठवते ना? अंधारात त्यांचा रंग उतरतो आणि दिवे लागल्यावर परत भरतो. तोही आजार नव्हता.

मी प्रवाळ हलवले नाही, औषध दिले नाही, फक्त रोज एक छायाचित्र काढून ताडून पाहत राहिले. पाच आठवड्यांत मादीचे डाग पूर्ण गेले. नराच्या पोटावर अजून मसुरीएवढी एक खूण आहे, तीही फिकट होत आहे. रविवारी इथल्या सकाळी अकरा वाजता, म्हणजे तुमच्या रात्री साडेआठला, टाकीचे दिवे लागले की व्हिडिओ कॉल करते. आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.

तुमची लेक